खिळाताईची पाचवी क्लिप

"हलतीच पाठव."

"हलती मी पाठवत नाही."

"अगं, पण क्लिप माझी आहे ना? पाय माझे, घाम माझा."

"घाम तुझा. क्लिप समितीची. आणि समितीने काय लिहिलंय? 'सर्व पंचांनी आपापल्या क्लिपा ताईंकडे द्याव्यात, त्या स्थिर करून पाठवतील.' स्थिर करून. परत वाचून दाखवू?"

"मला वाचता येतं."

"मग झालं तर."

"झालं कसं? चौघांच्या केल्यास ना स्थिर? मिळालं ना पुण्य? मग पाचवी हलती राहिली तर कुणाचं काय बिघडतंय?"

"ते चौघं लंगडत नव्हते, दादा."

यावर दादाने चहाचा एक घोट घेतला. तो उभ्यानेच चहा पीत होता. खोलीत पलंग होता, खुर्ची होती, बहिणीने दोनदा "बस ना" म्हणून झालं होतं, आणि दोन्ही वेळा त्याने "उभाच बरा आहे" म्हटलं होतं.

"माणूस धावताना हलणारच," तो म्हणाला. "हलला नाही तर पुतळा म्हणतात त्याला."

"हलण्याबद्दल कोण बोलतंय? डावा पाय टेकला की तू बुटका होतोस. उजवा टेकला की परत उंच. हे बघ ना. उंच, बुटका. उंच, बुटका."

"मी नाही लंगडत. कॅमेरा लंगडतोय."

"कॅमेऱ्याचं हलणं मी काढून टाकलंय. आता उरलंय ते तुझं."

दारात वहिनी येऊन उभी राहिली होती. "अजून चहा लागणार आहे," तिने विचारलं, "की भांडणावरच भागतंय?"

"ही बघ," दादा तिच्याकडे वळला. "सगळा घोळ हिचा आहे. मी हिच्या हातात मोबाईल दिला होता. हिने पंखा धरल्यासारखा धरलाय."

"अहो, मी केक करते. शूटिंग नाही," वहिनी म्हणाली, आणि त्याच्या हातातला कप अर्धा भरलेला असतानाच घेऊन गेली.

एका क्लिपवरून शनिवारची सकाळ अशी नासली होती. क्लिपमध्ये होतं काय, तर दादा मैदानाला आठ फेऱ्या मारतोय. पण त्या आठ फेऱ्यांच्या मागे बावीस वर्षं होती.

दादा दिवसा मोटार शिकवायचा. शिकाऊ माणसाच्या शेजारी बसायचं, पायाखाली एक जादा ब्रेक, आणि तोंडाने अखंड "क्लच हळू सोडा, हळू, हळू म्हणजे हळू." रविवारी मात्र तो गळ्यात शिट्टी अडकवून फुटबॉलच्या मैदानावर पंच म्हणून उभा राहायचा, आणि मग त्याला कुणाच्याही पायावर विसंबून राहावं लागायचं नाही. या बावीस वर्षांत त्याने साखळीतले सामने घेतले, मुलींचे घेतले, चाळिशीवरच्यांचे घेतले, ज्यात धावण्यापेक्षा कंबर धरून थांबणंच जास्त असतं. फक्त फायनल कधी मिळाली नाही. फायनलला तो असायचा, पण कडेला. खेळाडू बदलला की आकड्याची पाटी डोक्यावर धरायची, एवढंच काम. आत जाणारा खेळाडू पाटीकडे बघतो, पाटी धरणाऱ्याकडे कुणी बघत नाही.

यंदा सेक्रेटरींचा फोन आला होता. "या वर्षी फायनल तुमची. फक्त ती तब्येतीची क्लिप तेवढी सोमवारी दुपारपर्यंत येऊ द्या." पूर्वी पंचांना समितीसमोर जाऊन पळून दाखवावं लागायचं. यंदापासून घरबसल्या सोय झाली होती: आठ फेऱ्या, बारा मिनिटांच्या आत, एकसलग चित्रण. वेळ सेक्रेटरी बघणार, चाल समितीचा डॉक्टर बघणार. वेळेचा प्रश्नच नव्हता, दादाने वीस सेकंद राखून फेऱ्या पुऱ्या केल्या होत्या. प्रश्न होता तो चालीचा.

आणि सगळ्या क्लिपा जाणार होत्या त्याच्या धाकट्या बहिणीच्या हातून.

तिला सगळे खिळाताई म्हणतात. दिवसा ती चष्म्याच्या दुकानात काम करते. नंबर डॉक्टर काढतात, काचा कारखान्यातून येतात, पण चष्मा माणसाच्या नाकावर सरळ बसवायचा तो तिने. हजारो नाकं तिच्या हाताखालून गेली आहेत. कुणाचा एक कान वर असतो, कुणाचं नाक एकीकडे झुकलेलं असतं, आणि तरी तिच्या हातचा चष्मा लावून माणूस आरशात बघतो तेव्हा त्याला आपण सरळ आहोत असं वाटतं. दुसऱ्याच्या घरी गेली की चहा यायच्या आत ती भिंतीवरचं चित्र सरळ करून मोकळी होते. लग्न केलं नाही. कुणी विचारलंच तर म्हणते, "एका जागी स्थिर बसेल असा मिळाला नाही."

व्हिडिओच्या नादाला ती लागली ती दुकानातल्या एका कामामुळे. मालकांना दुकानाची छोटीशी जाहिरात हवी होती, आणि ती त्यांनी स्वतःच काढली. ती पाहून एका गिऱ्हाइकाने विचारलं की दुकान बोटीवर आहे का. खिळाताईने ती क्लिप घरी नेली, इकडेतिकडे शोधाशोध केली आणि तिला एक सॉफ्टवेअर सापडलं. ते फुकट होतं, आणि नुसतं फुकट नव्हतं तर पोट उघडं ठेवून बसलेलं होतं. आत काय आहे ते कुणीही बघावं, जमलं तर दुरुस्त करावं आणि दुरुस्ती सगळ्यांना वाटून टाकावी. तिला ही रीत इतकी आवडली की पहिले आठ दिवस ती काम करायच्या ऐवजी नुसती लोकांची चर्चाच वाचत बसली.

मग तिला युक्ती कळली. हलत्या चित्रात एक असा ठिपका शोधायचा जो खऱ्या जगात जागचा हलत नाही. सॉफ्टवेअरला सांगायचं, याच्यावर नजर ठेव. ते प्रत्येक चित्रागणिक त्या ठिपक्याचा माग काढतं, आणि तो जेवढा डावीकडे सरकला असेल तेवढं अख्खं चित्र उजवीकडे सरकवतं. ठिपका जागच्या जागी, म्हणजे जगही जागच्या जागी. तिने मालकांना समजावून सांगताना म्हटलं, "भिंतीत खिळा ठोकून चित्र टांगतो ना, तसं. एका खिळ्यावर टांगलं की पडत नाही, पण कलतं. दोन खिळे मारले की कलतही नाही." तेव्हापासून नाव पडलं ते पडलं. लोक यायचे, मोबाईल पुढे करायचे, आणि ती पहिला प्रश्न विचारायची: "या खोलीत न हलणारं काय होतं?" बहुतेकांना उत्तर देता यायचं नाही. एकजण बराच विचार करून म्हणाला होता, "सासरे."

एकदा तिला त्या सॉफ्टवेअरमध्येच खोट सापडली. चित्रात अंधार आला की दुसरा खिळा गळून पडायचा. तिने शब्दकोश मांडीवर घेऊन तिथल्या फोरमवर तक्रार लिहिली. दोन दिवसांत कुठल्यातरी देशातल्या कुणीतरी उत्तर दिलं, तिच्याकडून नमुन्याची क्लिप मागितली, आणि पुढच्या आवृत्तीत खोट गेली. आभाराच्या लांबलचक यादीत दोनशे चौदाव्या ओळीवर 'खिळाताई' असं छापून आलं. तिने ती यादी वहिनीला दाखवली, दुकानात दाखवली, दूधवाल्याला दाखवली. दूधवाला म्हणाला, "दोनशे चौदावा नंबर म्हणजे तसा खालीच की." तिने त्याला तीन दिवस सुटे पैसे दिले नाहीत.

तिचा कॉम्प्युटर शिवणाच्या मशीनच्या जुन्या टेबलावर आहे. मशीन कधीच गेलं, खालचं पायडल राहिलं. सॉफ्टवेअर माग काढत बसलं की ती पायडल मारत बसते. घरात खटक-खटक ऐकू आलं की समजायचं, बाई कामात आहेत, भाजी कुठली आणायची ते आत्ता विचारू नये.

तर पंचांच्या क्लिपा. पहिल्या चार बिनबोभाट झाल्या. पाचवी दादाची. मैदान एवढंसं की एका चौकटीत सगळं मावतं, आणि वहिनीने पायऱ्यांवर उभं राहून मोबाईल एकाच दिशेला धरला होता. क्लिप बरीच हलत होती. खिळाताईने दोन खिळे ठोकले, चित्र थांबलं, कडेला काळी पट्टी दिसायला लागली म्हणून किंचित मोठं केलं, आणि खुर्चीत मागे रेलली. मैदान थांबलं होतं, गोलपोस्ट थांबला होता, पाण्याची टाकी थांबली होती, आणि त्या सगळ्या थांबलेल्या जगात तिचा दादा डाव्या पायाने लंगडत होता. खात्री करायला तिने तिसरा खिळा त्याच्या पांढऱ्या टोपीवर ठेवला. टोपी ज्या वाटेने गेली तिची करवतीसारखी रेघ पडद्यावर उमटली. एक दात उंच, एक बुटका, एक उंच, एक बुटका.

तिने त्याला हाक मारली, आणि मग वर सांगितलं ते भांडण झालं. पण चहाचा कप गेल्यावर दादाला नवीन मुद्दा सुचला. बहिणीच्या घरात राहून त्यालाही चार गोष्टी कळायला लागल्या होत्या.

"खिळे कुठे मारलेस?"

"एक गोलपोस्टच्या कोपऱ्यावर. दुसरा या खांबावर. काळे-पांढरे पट्टे आहेत ना, ठिपका झकास मिळतो."

दादा पडद्याकडे वाकला. वाकताना त्याने टेबल धरलं. "हा? जाळीशेजारचा?"

"हो."

"हा खांब?"

"हो रे, किती वेळा सांगू?"

दादा हसायला लागला. शिकाऊ माणसाने उलटा गिअर टाकला की तो असा हसायचा, तोंड बंद ठेवून, नुसते खांदे हलवत. "चपला घाल," तो म्हणाला. "चल मैदानावर."

मैदान दोन गल्ल्या सोडून होतं. दादा पुढे, ती मागे, आणि दादा मुद्दाम भराभर चालत होता, म्हणजे चालीला काही झालेलं नाही हे मागच्या बाईला दिसावं. पायऱ्या आल्या तेव्हा त्याने कठड्याला हात लावला.

"काय रे?"

"कठडा रंगवलाय का ते बघत होतो."

"रंगवलाय?"

"नाही."

खांबापाशी गेल्यावर दादाने आपलं एक बोट, तेही करंगळी, खांबाला लावलं. खांब डोलला. तो खांब नव्हताच. रंगाच्या रिकाम्या डब्यात सिमेंट ओतून त्यात रोवलेला प्लास्टिकचा पाइप होता, मुलं चेंडू घेऊन वळायचा सराव करतात त्यासाठी ठेवलेला. वाऱ्याची झुळूक आली तरी तो सगळ्याला मान डोलवायचा, एखाद्या गरीब जावयासारखा.

"बोल आता," दादा म्हणाला.

"हलतो."

"मोठ्याने बोल. शिट्ट्यांनी कान गेलेत माझे."

"हलतो, दादा."

"आणि याच्यावर तू माझा गुडघा टांगलास."

खिळाताई बराच वेळ त्या पाइपकडे बघत राहिली. इतकी वर्षं ती जगाला विचारत आली होती, न हलणारं काय होतं. आज तिने स्वतःच ते विचारलं नव्हतं. पट्टे ठळक होते, सॉफ्टवेअरला आवडले, आणि तिनेही मान डोलवली होती. सॉफ्टवेअरला ठळक ठिपका लागतो, तो हलतो की नाही हे त्याला माहीत नसतं. ते माणसाने सांगायचं असतं.

"फुकटच्या वस्तूचं फुकटचं निदान," दादा घरी येईपर्यंत म्हणत होता. गल्लीतल्या इस्त्रीवाल्यालासुद्धा त्याने सांगितलं. इस्त्रीवाल्याला काहीच कळलं नाही, पण दादा इतका खुशीत होता की तोही हसला.

"चूक सॉफ्टवेअरची नाही, माझी आहे," ती म्हणाली. "उद्या परत करते. या वेळी हलणारं काही धरणार नाही. आणि परत तेच आलं तर?"

"येणार नाही."

"आलं तर?"

"अगं, येणारच नाही," दादा म्हणाला, आणि जिना चढताना मध्येच थांबून त्याने बुटाची नाडी बांधली. ती सुटलेली नव्हती.

रविवारी सकाळी खटक-खटक सुरू झालं. या वेळी तिने एक खिळा गोलपोस्टच्या बुंध्यावर मारला, दुसरा पाण्याच्या टाकीच्या सिमेंटच्या पायावर. टाकी हलली तर क्लिपची काळजी करायला गाव शिल्लकच राहणार नाही, असा तिने हिशोब केला. चित्र थांबलं, काल थांबलं होतं त्याहून घट्ट. तिने टोपीवर खिळा ठेवला.

एक उंच, एक बुटका.

काल वाऱ्याने थोडं पुसट झालेलं आज स्वच्छ झालं होतं, एवढाच फरक. पाचव्या फेरीपासून, आणि जास्तकरून पायऱ्यांजवळच्या वळणावर, जिथे डाव्या पायावर भार येतो. मैदानाच्या पलीकडच्या अंगाला तो इतका लहान दिसायचा की काही कळलंच नसतं.

तिला आनंद झाला नाही. खरं तर ती पडद्यावरची खिडकी बंदच करणार होती. पण पाइपने आपल्याला नक्की केवढं फसवलं ते बघावं म्हणून तिने एक गोष्ट उघडली जी ती एरवी कधी उघडत नाही. न हलणाऱ्या खिळ्याची रेघ. खिळा हलत नाही, म्हणजे त्याची रेघ जेवढी हलते तेवढा मोबाईल हललेला असतो. हे हलणं चित्रातून काढून टाकायचंच असतं, बटाट्याच्या सालीसारखं. साल कोण निरखून बघतं?

पहिल्या चार फेऱ्यांत रेघ इस्त्री केल्यासारखी होती. हातात मोबाईल धरून कुणाला इतकं स्थिर उभं राहता येतं, याचंच खिळाताईला आश्चर्य वाटलं. पाचव्या फेरीला रेघेवर दाढीचे खुंट उगवल्यासारखं झालं. मग परत सपाट. मग सहाव्या फेरीला खुंट. परत सपाट. हात दमला असता तर हळूहळू थरथरला असता आणि थरथरतच राहिला असता. हा हात दमत नव्हता, हा वेळ साधत होता. तिने क्लिप मागेपुढे केली. प्रत्येक खुंटाच्या जागी दादा पायऱ्यांजवळच्या वळणावर होता. तो टाकीकडे निघून गेला की रेघ सपाट.

पायडल थांबलं.

वहिनी बेकरीत केकवर नावं काढते. क्रीमची पिशवी दाबून एका दमात, एका जाडीची, शेवटी शेपूट न राहता. बेकरीवाले म्हणतात, भूकंप झाला तरी हिची वेलांटी तुटायची नाही.

खिळाताई स्वयंपाकघरात गेली. वहिनी ताटल्या पुसत होती.

"वहिनी, क्लिप काढताना हात दुखला होता का तुझा?"

"नाही गं. का?"

"असंच."

"वन्सं, तुम्ही असंच कधी काही विचारत नाही." ती वन्सं म्हणायची ते चिडवायला, पण आज त्यात चिडवणं नव्हतं. "फार हलली का?"

"मधेमधे."

"वारा होता."

"मोबाईल धरलेल्या हाताला वारा लागत नाही, वहिनी."

वहिनीने पुसलेली ताटली परत घेतली आणि परत पुसली. "बावीस वर्षं उभे राहिलेत ते पाटी धरून," ती म्हणाली. "यंदा फोन आल्यापासून आरशासमोर शिट्टी तोंडात धरून बघतात. वाजवत नाहीत. नुसती धरतात."

खिळाताई आपल्या खोलीत आली. आता तिच्याकडे दोन क्लिपा होत्या, आणि ज्या गोष्टीवरून शनिवारभर भांडली ती गोष्ट तिला सोपी वाटेना. हलती पाठवली तर डॉक्टरला काही दिसणार नाही. दादा फायनलला उभा राहील. आणि तासाभराने गुडघ्याने हात टेकले, तो चेंडूच्या चाळीस पावलं मागे राहिला आणि तिथूनच शिट्टी वाजली, तर कुठल्यातरी संघाचं वर्ष बुडेल आणि दादाची बावीस वर्षं. स्थिर पाठवली तर परत पाटी. आणि हलती पाठवायची ठरवलं तरी बाकी चौघांच्या क्लिपा तिनेच सरळ करून पाठवल्या होत्या.

सोमवारी सकाळी दादा मोटारीच्या किल्ल्या बोटात फिरवत आला. "झाली?"

"झाली. बघ."

त्याने उभ्यानेच पाहिली. पाचवी फेरी आली तशा किल्ल्या फिरायच्या थांबल्या.

"तो पाइप?"

"काढला. टाकीचा पाया धरलाय. टाकी हलते का?"

"टाकी नाही हलत," दादा म्हणाला.

त्याने आठवी फेरी संपेपर्यंत पाहिलं. संपल्यावर तो पहिल्यांदाच पलंगावर बसला, डावा पाय पुढे सरळ ठेवून. मग हळू आवाजात, भांडणाचा सूर अजिबात नसलेल्या आवाजात म्हणाला, "हलतीच पाठव ना गं."

"बरं," खिळाताई म्हणाली. "पाठवते."

दादाने मान वर केली. खेळाडू पडल्या पडल्या लगेच उठला तर पंचाला संशय येत नाही, पण भांडणारा माणूस लगेच कबूल झाला तर येतो. "का?"

"का म्हणजे? तूच म्हणतोस ना?"

"मी शनिवारपासून म्हणतोय. तू ऐकलं नाहीस. चुकीच्या खांबावरून तुला मैदानावर उघडं पाडलं तरी ऐकलं नाहीस. आज का ऐकतेस?"

"कंटाळा आला."

"तुला? कंटाळा?" तो उठून पडद्याजवळ आला. "ही कसली रेघ?"

"काही नाही. कॅमेऱ्याची आहे. टाकून द्यायची असते."

"थांब. बंद करू नकोस."

"दादा, उशीर होईल तुला."

"होऊ दे. इथे सपाट. इथे हे काय?"

"हात दमला असेल."

"दमला तर मग इथे परत सपाट कसा? आणि इथे परत हललाय." त्याने बोट ठेवून मोजलं. पंचाची सवय, काहीही झालं की आधी घड्याळ. "ही पाचवी फेरी. ही सहावी. क्लिप लाव. इथली लाव. मी कुठे आहे?"

"वळणावर."

"आणि इथे?"

खिळाताईने क्लिप थांबवली.

"वळणावरच," दादा म्हणाला. "मी लंगडलो की हलतोय. मी लांब गेलो की थांबतोय." तीस वर्षं तो शिकाऊ लोकांचे पाय बघत आला होता. कोण ब्रेकवर चुकून पाय ठेवतो आणि कोण ठरवून, ते त्याला पाय हलायच्या आधी कळायचं. "हा हात दमलेला नाही गं. हा हात बघतोय."

दारात चाहूल लागली. वहिनी बेकरीला निघाली होती. केसांवर जाळी, खांद्यावर पिशवी. आज तीन मजली केक होता, लवकर जायचंय असं तिने सांगून ठेवलं होतं. दोघांच्या तोंडाकडे आणि मग पडद्यावरच्या रेघेकडे बघून ती जागीच थांबली.

"स्थिर केलेली कुठली?" दादाने बहिणीला विचारलं.

"ही."

"पाठवायचं कुठून?"

"इथून. दादा, थांब. दुपारपर्यंत वेळ आहे, तू विचार कर."

"विचार कसला? मला वाटत होतं फक्त मला कळतंय. तुला कळलं ते यंत्राने कळलं, त्याचं काही नाही. पण नुसत्या डोळ्यांनी, पायऱ्यांवरून, मोबाईल धरून कळत असेल, तर मैदानावर बावीस जणांना कळणार नाही?" त्याने बटण दाबलं. निळी पट्टी सावकाश भरत गेली. ती पूर्ण भरेपर्यंत तो वाकून उभा राहिला, जसा काही ती मध्येच मागे फिरली असती. "गेली?"

"गेली."

"सेक्रेटरींना मी स्वतः फोन करतो. त्या चौघांतल्या धाकट्याला द्या म्हणावं. पोरगा चांगला धावतो."

मग तो वळला. "अगं," तो वहिनीला म्हणाला, "गुडघ्याचं तुला कधीपासून माहीत होतं?"

वहिनीने पिशवीत हात घालून किल्ली आहे का ते पाहिलं.

"त्या दिवशी कळलं, की आधीपासूनच? आणि माहीत होतं तर मला बोलायचं सोडून मोबाईल कसला हलवत बसलीस?"

तिने कपाळावर घसरलेली जाळी दोन बोटांनी वर सारली, त्याच्या डाव्या पायाकडे एकदा पाहिलं, आणि चपला घालून जिना उतरून गेली.